चावीच्या घड्याळाची दुरुस्ती, गंजगोलाई, लातूर

आण्णांचं एचएमटी जनता चालू होऊन मिळालं, म्हणून हे लिहितोय. आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. गेल्या श्रावणात गेले. दवाखान्याच्या धावपळीत घड्याळाला चावी द्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि नंतर द्यायला गेलो तर चावी नुसतीच गरगर फिरायली.

आधी एका मोठ्या शोरूमात नेलं होतं. तिथला पोरगा म्हणाला, आतली मशीन काढून सेलची टाकून देतो, दोनशे रुपयांत काम होईल. मी घड्याळ उचललं आणि बाहेर आलो. वरून आण्णांचं आणि आतून भलतंच, असलं घड्याळ घेऊन मी काय करू?

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावर, भांड्याच्या दुकानाच्या पायरीला लागून हे टपरीएवढं दुकान आहे. पाटी नाही. सत्तरीचे चाचा डोळ्याला भिंग लावून बसलेले दिसले की तेच. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आतली बाजू माझ्याकडं केली आणि भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आत सुईनं कोरलेले बारीक आकडे होते. ८८, ९४, ०३, ११. "ये सब मेरेच हात का है," चाचा म्हणाले. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर आत अशी खूण करून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. मग काचेवरचे ओरखडे बघत त्यांनी विचारलं, "ड्रायवर साब ना? घडी अंदर की बाजू बांधते थे?"

तेच. आण्णा तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचे, म्हणजे स्टेअरिंगवरचा हात न उचलता वेळ दिसते. मला तिथं बोलता येईना. चाचांनी स्टूल सरकवलं आणि आपल्या कामाला लागले. काही विचारलं नाही, त्याचं लई बरं वाटलं.

९४ची खूण भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३ला आण्णांची मुक्कामी गाडी औसा तालुक्यातल्या एका गावात होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. गाडी हलायली म्हणून ते खाली उतरताना पडले, काच तडकली. काडी ओढून बघितलं तर चारला चार मिनिटं कमी. उजाडल्यावर त्याच गाडीतून त्यांनी जखमी लोक लातूरला आणले. काच बदलायला पुढचं साल उजाडलं.

आता कामाविषयी. कमान, म्हणजे चावी दिली की आत गुंडाळली जाते ती स्प्रिंग, तुटली होती आणि तेल वाळून गोंदासारखं झालं होतं. २०१६ला सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, त्यामुळं नवा पार्ट कुठून मिळणार? चाचा जुन्या मोडीत निघालेल्या मशिनी डब्यांत जपून ठेवतात, त्यातली कमान बसवली. प्रत्येक गोष्ट विचारून केली. तबकडी रंगवू का? नको. केसला पॉलिश? नको. "सही बोले," म्हणाले. काच मात्र बदलावी लागली. जुनी काच टाकून दिली नाही, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून परत दिली. सगळे मिळून साडेसहाशे रुपये घेतले.

घाई असेल तर जाऊ नका. आठ दिवस सांगितले आणि बावीस लागले. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. घरी आणल्यावर घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढं पळायलं होतं. परत नेलं तर समोरच उघडून वेग कमी-जास्त करायचा आतला काटा जरासा सरकवला, पैसे घेतले नाहीत. जाताना झाकणाच्या आत माझ्यासमोर नवी खूण कोरली.

संध्याकाळी आईच्या हातात दिलं. तिनं कानाशी धरलं, बराच वेळ धरलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "ह्यांचं पाच मिनिटं पुढं असायचं. तेवढं करून दे."