स्मोक डिटेक्टर: आयनीकरणाचा घ्यावा की प्रकाशावर चालणारा?

छताला लावायच्या या पांढऱ्या डब्या बाहेरून सारख्याच दिसतात. फरक आतल्या कप्प्यात असतो.

आयनीकरणाच्या डिटेक्टरमध्ये अमेरिसियम-२४१ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, तेही ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी. त्याच्या अल्फा किरणांमुळे हवेचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अगदी क्षीण वीजप्रवाह वाहत राहतो. धूर शिरला की आयन त्याच्या कणांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. किरणोत्सर्गाची धास्ती नको; अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात. डबी फोडायची मात्र नाही, आणि जुनी झाली म्हणून भंगारात टाकायची नाही.

प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये एका बाजूला एलईडी आणि तिच्या झोताबाहेर, कोनात, सेन्सर असतो. एरवी सेन्सर अंधारातच असतो. धूर आला की कवडशातल्या धुळीसारखे त्याचे कण उजळतात, थोडा प्रकाश सेन्सरकडे विखुरतो आणि तेवढ्यावर तो ओरडतो.

कागद किंवा पडदा भडकला, तर धुराचे कण बारीक असतात. तिथे आयनीकरणवाला थोडा आधी वाजतो. गादी किंवा सोफ्याचा फोम धुमसत असेल, तर प्रकाशवाला पुढे, कधी कधी बऱ्याच मिनिटांनी. घरचे सगळे झोपलेले असताना ही मिनिटं फार मोलाची. म्हणून माझं मत सरळ प्रकाशवाल्याच्या बाजूने.

दुसरं कारण आपला स्वयंपाक. तापल्या तेलात मोहरी-मिरची पडली, पोळी करपली, की बारीक कणांना टिपणारा आयनीकरणवाला बोंबलायला लागतो. मग वैतागून कोणीतरी सेल काढून ठेवतं, आणि तो परत घालायचं राहून जातं. प्रकाशवालाही अगदी शहाणा नाही: न्हाणीघराची वाफ, साचलेली धूळ, आत शिरलेला कोळी, कशानेही फसतो. अधूनमधून ब्रश फिरवावा लागतो. आणि धूप घातलात तर दोघंही वाजणार!

शेगडीपाशी मात्र दोन्ही नकोत. तिथे साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजणारा हीट डिटेक्टर बरा. प्रकाशवाला झोपायच्या खोल्यांबाहेर छताला, पंख्यापासून दूर लावा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, दहा वर्षांनी डबीच बदला.

गॅसगळती यातल्या एकालाही कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर वेगळा घ्यायचा आणि खाली, फूटभर उंचीवर बसवायचा.