आजोबांचं पार्कर

शाईच्या पेनांचं माझं वेड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पा बळवंत चौकात नातीच्या वह्या आणायला गेलो तरी पिशवीत शाईची एक दौत जास्तीची निघते. ड्रॉवरमध्ये वीस-बावीस पेनं असतील. नव्हतं ते पार्कर ५१. शाळेत गणिताच्या सरांच्या खिशाला असायचं. बाणाची क्लिप, आणि निब झाकलेली, नुसतं टोक बाहेर. आम्हा पोरांकडे तसंच दिसणारं चिनी हीरो, तेही असलं तर.

दिवाळीनंतर मोबाइलवर जाहिरात दिसली. फोन केला. पलीकडे तिशीतला मुलगा, बोलायला गोड. "काका, आजोबांचं आहे. १९४१ चं, पहिल्या वर्षाचं. निब १४ कॅरेट सोन्याची." साडेसात हजार.

मला चीड येते ती यापुढच्या भागाची. त्याने पेन उघडून फोटो पाठवले होते. आत धातूची नळी आणि दाबायची पट्टी. आता, पट्टी दाबून शाई ओढायची ही सोय पार्कर ५१ मध्ये आली १९४८ साली. त्याआधीच्या ५१ ला मागचं बूच काढून आतलं बटण दाबत शाई भरावी लागते. हे मला पाठ आहे, बायकोला दोनदा तरी ऐकवलेलं आहे. म्हणजे त्याचं खोटं त्यानेच पाठवलेल्या फोटोत होतं. आणि मी काय केलं? नातवाला सालाचं काय कळणार, असं म्हणून त्याची बाजू मीच सावरली.

"काका, दोन गिऱ्हाइकं थांबलीत, पण तुम्हाला शब्द दिलाय." पाच मिनिटांत पैसे गेले.

पार्सल आलं. मखमलीचा डबा झकास होता. टोपणाच्या कडेला 'पार्कर' कोरलेलं, पण नखाला ओरखड्यासारखं लागत होतं. आतल्या नळीवर शाई कशी भरायची त्याच्या सूचना कोरलेल्या हव्यात. तिथे काहीतरी घासून पुसल्याचा चट्टा होता. निबवरचं आवरण फिरवून काढलं. सोन्याची म्हणे! पिवळा मुलामा दिलेली स्टीलची पातळ पट्टी, खाली प्लास्टिकची जीभ. टोपण लावलं आणि तो 'टक्' ऐकला. सातवीत रोज ऐकलेला. हीरोच होतं.

निब झाकलेली असल्यामुळे या पेनात फसवणं सोपं जातं. घ्यायचंच असेल तर निब उघडी करून काढलेला फोटो मागा, आणि सांगितलेलं साल आतल्या यंत्रणेशी जुळतं का ते पाहा. लोहचुंबकावर विसंबू नका. स्टीलच्या कितीतरी निबी चुंबकाला चिकटत नाहीत.

विकणाऱ्या मुलाने आधी "चौकशी करून सांगतो" म्हटलं, मग फोन बंद. मी भिडेखातर आठ दिवस वाट पाहिली आणि मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. तोवर पैसे खात्यातून पुढे गेले होते. तुम्ही त्याच दिवशी लावा.

पेन लिहितं मात्र बरं. हल्ली ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं असतं. दूधवाला आला की बायको आतून ओरडते, "अहो, आजोबांचं पार्कर घ्या, आज दीड लिटर लिहा."