ड्राफ्टपूर्व अहवालसेवा : स्टॉपवॉचपलीकडचे मूल्यमापन

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेची, पहिली फेरी पुण्यात शुक्रवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि कोथरूडच्या आमच्या मित्रमंडळात त्याआधी कित्येक आठवडे कोणता महाविद्यालयीन खेळाडू किती मोलाचा यावर खल चालतो, म्हणून यंदा मी अशा खेळाडूंच्या मूल्यमापनाचे अहवाल देणाऱ्या एका परदेशी सेवेची वर्गणी भरली. तिचे मोठे बळ असे की, इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरातील ४० यार्डांच्या धावेची वेळ ती अंतिम निकाल मानत नाही. दबाव आला असता क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे) पाय स्थिर राहतात का, पहिला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) अडवला गेल्यास त्याची नजर दुसऱ्याकडे वेळेत वळते का, हे सामन्यांच्या चित्रफितींवरून ती बारकाईने नोंदवते. मला हे फार मोलाचे वाटते, कारण पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत, थेट १९९व्या क्रमांकावर निवडला गेला होता, आणि त्याची निर्णयक्षमता धावेच्या वेळेत दिसणारी नव्हतीच.

ऑफेन्सिव्ह लाइनवरील, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंवरील, अहवाल मात्र त्रोटक आहेत. प्रतिस्पर्धी संघ कितपत तुल्यबळ होता, हेही प्रत्येक ठिकाणी सांगायला हवे होते. दुखापतींच्या नोंदी ठीक आहेत. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर यांच्यात रस असणाऱ्यांनी वर्गणी अवश्य भरावी. केवळ लाइनमनच्या अभ्यासासाठी ती पुरेशी नाही.