रक्त गोठण्याचा दोष आणि पाळीतला जास्त रक्तस्राव: ट्रॅनेक्सामिक, हार्मोनच्या गोळ्या की मिरेना?

व्हॉन विलब्रँड (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या याच नावाच्या प्रथिनाचा, म्हणजे फॅक्टरचा, जन्मजात दोष) किंवा प्लेटलेटचा दोष निघाला आणि पाळीत दर तासाला पॅड बदलावं लागतंय, की डॉक्टर बहुधा या तिन्हींपैकी एक सुचवतात: ट्रॅनेक्सामिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी.

ट्रॅनेक्सामिक ॲसिड फक्त रक्त जातं तेवढेच दिवस घ्यायचं, साधारण एक ग्रॅम दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. शरीराने तयार केलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही. हार्मोन नसल्यामुळे मूल हवं असणाऱ्यांना सोयीचं. गोची एकच, ठाण्याहून लोकलने सीएसएमटी गाठणाऱ्या बाईचा दुपारचा डोस हमखास राहतो. पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं.

हार्मोनच्या एकत्रित गोळ्या रोज घ्याव्या लागतात, पण त्या बीज सुटणंही थांबवतात, आणि याला लोक कमी किंमत देतात. रक्त गोठण्याचा दोष असलेल्या काहींना बीज सुटताना पोटातच रक्तस्राव होतो. महिन्याच्या मध्यावर ओटीपोटात जोरात दुखत असेल, तर ट्रॅनेक्सामिक किंवा मिरेनावर विसंबून चालत नाही. मात्र डोळ्यांपुढे चमक दिसणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान असेल, तर या गोळ्या नकोत.

मिरेना म्हटलं की सासूबाई ‘तांबी नको गं’ म्हणतात. तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढतो, म्हणून त्यांचं खरंच आहे. ही मात्र ५२ मिलिग्रॅम हार्मोनची, गर्भाशयातच काम करणारी. पाच वर्षं किंवा जास्त टिकते आणि रक्त सर्वांत जास्त कमी करते. पहिले तीन ते सहा महिने डाग पडत राहतात, काहींची निसटून पडते. बसवताना रक्त थांबवणाऱ्या औषधाची तयारी हवी, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ दोघांनी आधी बोलून घेतलेलं बरं.

मी निवडेन ते असं: मूल हवं असेल तर ट्रॅनेक्सामिक, कुटुंब पूर्ण असेल तर मिरेना, शाळकरी मुलीला ट्रॅनेक्सामिक आणि नाही भागलं तर गोळ्या. डेस्मोप्रेसिन या व्हॉन विलब्रँड फॅक्टर तात्पुरता वाढवणाऱ्या औषधाला २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या तिन्हींच्या मागे ठेवलंय. ते घेताना पाणी मोजूनच प्यावं लागतं, आणि व्हॉन विलब्रँडच्या २बी प्रकारात ते टाळतात.

दुखण्यासाठी मेफेनॅमिक ॲसिड किंवा ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल घ्या.

‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालाच, तर आधी दोषाची तपासणी झालीय का ते विचारा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) रक्तविकारांवरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, ठाण्याहून परळ लांब नाही. तपासणी हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी करावी, कारण त्यांनी व्हॉन विलब्रँड फॅक्टरची पातळी वाढते आणि सौम्य दोष झाकला जातो. सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी लोह संपलेलं असू शकतं.