आधी विश्वास की आधी शंका? क्लिफर्ड आणि जेम्स, तुम्हाला कोण पटतं?

कुणी काही सांगितलं की मानायचं की थांबायचं, हे ठरवताना गोंधळ उडत असेल तर हे दोघं जण बघा.

क्लिफर्ड हे इंग्रज गणितज्ञ, 1877 साली त्यांनी एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं, डागडुजी लागणार हे त्याला कळत होतं, पण खर्चाचं जिवावर आलं म्हणून 'इतक्या खेपा नीट झाल्या, हीपण होईल' अशी स्वतःची समजूत घातली आणि जहाज माणसांसकट बुडालं. क्लिफर्डचं म्हणणं, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, कारण हातात होता तेवढ्या पुराव्यावर तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता.

अमेरिकेचे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स 1896 मध्ये म्हणाले, सगळीकडे आधी पुरावा मागाल तर काही गोष्टी घडणारच नाहीत. मैत्रीच घ्या ना, दोघंही खात्री होईपर्यंत हात आखडून बसले तर मैत्री व्हायची कशी? पण जिथे पुरावा बघून ठरवता येतं तिथे त्यांनीही पुराव्याआधी मानायची सूट दिलेली नाही, हे लोक विसरतात.

आता राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळ्याच्या साक्री तालुक्यातला आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते आणि सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरते केले, पण गेलेले पाच जीव गेलेच. मेसेज पुढे ढकलणाऱ्यातल्या कितीतरी जणांना आपण पोरांच्या काळजीपोटीच करतोय असं वाटलं असणार, आणि मला तेच फार भयंकर वाटतं.

म्हणून कुणावर आळ येत असेल तिथे मी डोळे झाकून क्लिफर्डची बाजू घेते. रक्त हवंय असा मेसेज आला तरी आधी त्या नंबरवर फोन लावते, दोन मिनिटं जातात.

पण मैत्रीण सासरच्या मारहाणीचं सांगत होती तेव्हा माझ्या तोंडून 'नक्की ना गं?' निघालं. तिने कुर्त्याची बाही खाली ओढली, विषय बदलला आणि पुढे आठ महिने त्यावर एक शब्द बोलली नाही. तिथे जेम्स हवा होता. तिचं ऐकून घेतलं असतं तर लगेच कुणाला शिक्षा होणार नव्हती, खरंखोटं नंतरही बघता आलं असतं, तिला फक्त त्या रात्री माझ्याकडे राहायचं होतं.