टोटल आरपी ३ : नियमांना जागा देणारे, निवाडा न करणारे ॲडऑन

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या आर्जेंट डॉन या युरोपीय रोलप्ले (आरपी), म्हणजे आपापल्या पात्राच्या भूमिकेत राहून खेळण्याच्या, सर्व्हरवर मी काही वर्षे एका मध्यम आकाराच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, खेळतो आहे, आणि त्यांपैकी दोन वर्षे नव्या सदस्यांच्या पात्रांची छाननी माझ्याकडे होती. प्रस्तुत परीक्षण टोटल आरपी ३ या विनामूल्य ॲडऑनचे, म्हणजे खेळाला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरचे, असले, तरी त्यातली चिन्हे किती सुबक आहेत हा माझा विषय नाही. गिल्डचे नियम आणि लोर, म्हणजे त्या जगाचा मान्य इतिहास, सांभाळण्याच्या कामी हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढेच मला तपासायचे आहे.

खेळ स्वतःहून गिल्डला फार थोडे देतो. दहापर्यंत हुद्दे, रोजचा संदेश, माहितीची एक चौकट आणि प्रत्येक सदस्याच्या नावापुढे ३१ अक्षरांची टीप, एवढीच सामग्री. तेवढ्या जागेत एखाद्या पात्राची कुळकथा तर सोडाच, त्या कथेबद्दलची एक शंकाही नीट मावत नाही. टोटल आरपी ही उणीव भरून काढते. पात्राचे पूर्ण नाव, वय, रूप, स्वभाव आणि पूर्वेतिहास यांची नोंद त्यात करता येते, 'सध्या' या रकान्यात पात्र या क्षणी काय करते आहे ते लिहिता येते, पात्र भूमिकेत आहे की खेळाडू तूर्त भूमिकेबाहेर आहे हे दाखवता येते, आणि 'प्रथमदर्शनी' या नावाची पाच चिन्हे लावता येतात, ज्यांवर माऊस नेला की दोन-तीन ओळींचा मजकूर उमटतो. हे सारे फक्त तसलेच ॲडऑन बसवलेल्यांना दिसते. निरनिराळ्या रोलप्ले ॲडऑननी एकमेकांशी बोलावे म्हणून जो संकेत ठरला आहे त्याचे नाव 'मेरी स्यू प्रोटोकॉल' असे आहे. सर्वगुणसंपन्न, सर्वांची लाडकी, कधीही न हरणारी अशी जी नायिका प्रत्येक छाननी करणाऱ्याच्या स्वप्नात येऊन छळते, तिचेच नाव या यंत्रणेला द्यावे, यात करणाऱ्यांची विनोदबुद्धी दिसते.

आमच्या गिल्डची नियमावली पूर्वी चौदा पानांची होती. ती कोणी वाचत नसे, आणि वाचली असे सांगणाऱ्यांना चौथ्या पानावर काय आहे ते आठवत नसे. टोटल आरपी सगळ्यांकडे आल्यावर आम्ही ती दीड पानावर आणली, आणि त्यातला मुख्य नियम असा ठेवला की समोरच्याने जे खरे धरून चालावे अशी अपेक्षा असेल, ते पाच चिन्हांत दिसलेच पाहिजे. बाकी सविस्तर मजकूर ही पात्राविषयीची ऐकीव माहिती समजली जाईल. तलवारीचा व्रण, लंगडा पाय, पहारेकऱ्याचा बिल्ला किंवा अंगाला येणारा गंधकाचा वास चिन्हांत बसतो. 'हा आर्थसचा (या जगातल्या कुप्रसिद्ध राजपुत्राचा) मावसभाऊ आहे' हे बसत नाही, कारण ते कोणाला दिसत नाही. या एका वाटणीने निम्मे तंटे आपोआप मिटले. पूर्वी एखादा खेळाडू खानावळीत आल्या आल्या आपल्या पात्राची गुप्त शक्ती गृहीत धरून बोलू लागे, आणि ती मान्य करावी की नाही यावर दुहेरी कंसांतली, म्हणजे भूमिकेबाहेरची, वादावादी तासभर चाले.

छाननीच्या कामी हे ॲडऑन कसे उपयोगी पडते, त्याचे एक उदाहरण देतो. एका अर्जदाराचे पात्र बावीस वर्षांचा मानव योद्धा होते, आणि स्ट्रॅथोम या शहराच्या संहाराच्या वेळी आपण एका तुकडीचे प्रमुख होतो, असे त्याने इतिहासाच्या रकान्यात लिहिले होते. या जगाच्या कालगणनेत डार्क पोर्टल, म्हणजे ऑर्क ज्यातून या जगात आले ते द्वार, उघडले ते वर्ष शून्य आणि स्ट्रॅथोमचा संहार वर्ष २० मधला; आमची कथा तेव्हा खेळाच्या लिजन या विस्तारसंचाच्या काळात, म्हणजे वर्ष ३२ च्या आसपास चालू होती. साधी वजाबाकी केली तर हे तुकडीप्रमुख संहाराच्या दिवशी दहा वर्षांचे होते. मी हा हिशेब त्याला खासगीत कळवला. पाच मिनिटांत वय चाळीस झाले, पण वर्णनातली 'अजून नीट न फुटलेली दाढी' तशीच राहिली. त्यावर मी सुचवले की वय बावीसच ठेवा, तुकडी काढून टाका आणि त्या शहरातून निसटलेला दहा वर्षांचा मुलगा तेवढा राहू द्या. पुढे ते पात्र आमच्या गिल्डमधल्या उत्तम पात्रांपैकी एक झाले. लोरचा नियम म्हणजे केवळ अडवणूक, असे मानणाऱ्यांना मी हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे.

अर्थात लोर ही गोष्ट ती निर्माण करणाऱ्यांच्याही हातून निसटते. २०१० च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या मेळाव्यात, लाल शर्ट घातलेल्या एका प्रेक्षकाने विचारले होते की बुटक्यांचे राज्य चालवणाऱ्या थ्री हॅमर्सच्या मंडळावर फालस्टाड वाइल्डहॅमर हा त्यांचा सरदार का नाही. व्यासपीठावरून 'तो तर मेला ना?' असा प्रतिप्रश्न आला, आणि प्रेक्षकाने तो जिवंत असल्याचे तिथल्या तिथे दाखवून दिले. कंपनीने चूक सुधारली आणि आयर्नफोर्ज या बुटक्यांच्या राजधानीत लाल शर्टातला एक तथ्यपरीक्षक बुटका कायमचा उभा केला. पुढे या जगाचा अधिकृत इतिहास सांगणाऱ्या क्रॉनिकल ग्रंथमालेचा पहिला खंड २०१६ मध्ये आला तेव्हा आता वाद संपले असे वाटले; नंतर तो इतिहास टायटनांच्या, म्हणजे त्या जगातल्या देवतुल्य शक्तींच्या, दृष्टीतून सांगितलेला आहे, असे खुलासे आले. जुन्या टेबलटॉप आवृत्तीची पुस्तके तर अमान्यच ठरवली गेली. म्हणून गिल्डने 'लोर पाळा' एवढेच लिहिणे निरर्थक आहे. कोणता आधार आधी आणि कोणता नंतर, हे लिहावे लागते. आम्ही खेळातले संवाद आधी, ग्रंथमाला नंतर आणि कादंबऱ्या शेवटी असा क्रम ठरवला. तो वादातीत नाही, पण ठरलेला आहे.

याहून अवघड असतो तो लोरला मान्य, पण गिल्डला नको असलेला दावा. ड्रॅगन मानवी वेशात वावरतात याला खेळातच पुरावा आहे. ऑनिक्सिया ही ड्रॅगन कॅट्राना प्रेस्टर नावाची मानवी स्त्री बनून स्टॉर्मविंड या मानवांच्या राजधानीच्या दरबारात बसली होती. तरीही एका खानावळीत पाच टेबलांवर पाच छुपे ड्रॅगन बसले की कथा चालत नाही. महाभारतात सहावा पांडव आणायचा तर त्याची सोय व्यासांनी आधीच करून ठेवली आहे. सातवा मात्र आणू नये. मी पूर्वी ज्या एका गिल्डमध्ये होतो तिथे नवागतांकडून तीन पानांची पूर्वकथा मागत, आणि गिल्डमास्टरचे स्वतःचे पात्र अर्धे ड्रॅगन आणि अर्धे राजघराण्यातले होते. तिथे मी चार महिने टिकलो.

ॲडऑनची मर्यादा नेमकी इथे येते. ते काहीही तपासत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. प्रोफाइल, म्हणजे पात्राची ही सारी नोंद, खेळाच्या सर्व्हरवर नसून खेळाडूच्या संगणकावर असते, त्यामुळे मंजूर केलेला मजकूर दुसऱ्या दिवशी बदलला तर छाननी करणाऱ्याला त्याची सूचना मिळत नाही. आम्ही मंजुरीच्या वेळी प्रोफाइलची निर्यात मागून ती जपून ठेवतो. हा उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो. लांबलचक वर्णने समोरच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. नऊ परिच्छेद लिहिणाऱ्यांना मी आवर्जून हेच तांत्रिक कारण देतो, कारण ते साहित्यिक कारणापेक्षा कमी दुखवते. स्वभावाच्या पट्ट्या, म्हणजे दयाळू ते क्रूर किंवा सत्यवादी ते लबाड अशा सरकपट्ट्या, मला फारशा उपयोगी वाटल्या नाहीत. बहुतेक जण सगळ्या मधोमध ठेवतात.

संमतीच्या बाबतीत मात्र या साधनाचे ऋण मोठे आहे. मी सुरुवातीला वापरलेल्या आवृत्तीत पात्राला इजा चालेल का, मृत्यू चालेल का, प्रेमप्रकरण चालेल का, आणि लढाईचा निकाल कसा लावायचा, हे निवडण्याचे रकाने होते. त्यांच्यावरूनच आमच्या नियमावलीतला एक परिच्छेद तयार झाला: इजा आणि मृत्यू फक्त त्या खेळाडूच्या परवानगीने, लढाईचा निकाल वीसपर्यंतच्या फाशाने, आणि फासा टाकण्याआधी हरल्यास काय होईल ते दोघांनी ठरवून. प्रौढ मजकुराच्या प्रोफाइल गाळणारी चाळणीही ॲडऑनमध्ये आहे. ती शब्दांवरून ओळखते, म्हणून तिच्यावर विसंबून माणसाची देखरेख सोडू नये.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. युरोपातला रात्री आठचा कार्यक्रम हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजता सुरू होतो. नवी पात्रे तपासण्याचे काम मी पुण्यात सकाळच्या चहाबरोबर करीत असे, कारण रात्री दीडनंतर कोणत्याही ड्रॅगनला होकार देण्याकडे माझा कल वाढतो.

शेवटी एक्स्टेंडेड या जोडीच्या ॲडऑनविषयी. त्याने खेळात वस्तू, दस्तऐवज आणि छोट्या मोहिमा तयार करता येतात, पण ते समोरच्याकडेही असावे लागते. आम्ही दीड पानांची नियमावली एका चामडी वहीच्या रूपात बांधली आहे, आणि नवा सदस्य आला की गिल्डचा कारकून ती त्याच्या हातात ठेवतो. गेल्या महिन्यात आलेल्या एका ऑर्कने पाच चिन्हांपैकी एकात 'अक्षरशत्रू' असे नोंदवले होते, त्यामुळे कारकुनाला ती वही सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी लागली, आणि जुन्या सदस्यांपैकी तिघांनी चौथा नियम त्या दिवशी प्रथमच ऐकला.