कुंती: गच्चीवरचे सोळा महिने

दाजीपूरच्या जंगलात एका वळणावर असा काही वास आला की आम्ही सगळेच थांबलो. लिंबाच्या फुलाचा म्हणावा, तर त्यात मोगराही मिसळलेला. शोधलं तेव्हा पुरुषभर उंचीचं, गर्द हिरवं झुडूप दिसलं, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. सोबतच्या वाटाड्यानं नाव सांगितलं, कुंती. तेव्हापासून हे झाड घरी हवंच होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये १२० रुपयांना रोप आणलं. रोपवाटिकेत त्याला मधुकामिनी म्हणतात.

सुरुवात वाईट झाली. रोपाच्या पिशवीत चिकट काळ्या मातीचा गोळा होता आणि मुळं तळाशी वेटोळी घालून बसलेली. मी ती मोकळी न करता तसंच रोप कुंडीत बसवलं. मग कोल्हापूरचा जुलै सुरू झाला. पंचगंगा पात्राबाहेर आली, तेव्हा गच्चीवरच्या कुंडीतही पाणी साचून होतं, कारण भोक मातीनं बुजलेलं. पानं पिवळी पडून गळू लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून शेंगदाण्याची पेंड घातली. त्यानं आणखी बिघडलं.

ऑगस्टमध्ये रोप उपसून पाहिलं तर मुळांची टोकं काळी, मऊ, कुजका वास येणारी. तेवढी कापली. दोन भाग तांबडी माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा असं मिश्रण केलं. १४ इंची मातीची कुंडी घेतली, तळाला खापऱ्या घातल्या आणि कुंडी दोन विटांवर ठेवली. दिवाळीपर्यंत नवी पालवी आली. कुंतीला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. हे एवढं सांभाळलं तर बाकी झाड काटक आहे.

पण फूल एकही नाही. पानं चकचकीत, फांद्या भरलेल्या, आणि मी रोज नेमानं पाणी घालतेय. फेब्रुवारीत राधानगरीकडचे माझे मामा आले. त्यांच्या बांधावर लिंबाची झाडं आहेत. त्यांनी कुंडीत बोट खुपसून बघितलं आणि म्हणाले, “पाणी लई घालालीस बघ पोरी. लिंबाला ताण दिल्याशिवाय बहार धरतोय व्हय?”

मी म्हटलं, हे लिंबू कुठं आहे? त्यांनी एक पान तोडून उन्हासमोर धरायला लावलं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसले. लिंबाच्या पानातही तसेच असतात, त्या तेलाच्या पिशव्या. कुंती, लिंबू, संत्रं, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली. लिंबू-संत्र्याचे मृग, हस्त, आंबे हे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, शेतकरी पाणी तोडून आणि मग सोडून धरतात. तेच इथं लागू होतं.

कुंडीतल्या झाडाचं पाणी पूर्ण बंद करणं धोक्याचं, म्हणून मी पानं किंचित मलूल झाली की एक तांब्या, एवढंच ठेवलं. असे पाच आठवडे गेले. मार्चअखेर माती उकरली, साखर कारखान्याची कुजलेली मळी दोन मुठी मिसळली, वर उसाचं पाचट अंथरलं आणि तळातून निथळेपर्यंत पाणी दिलं. चौथ्या दिवशी नवे शेंडे फुटले. शेंड्यांवर तांदळाएवढ्या कळ्या धरल्या आणि २२ व्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जिन्यापर्यंत वास. पाच पाकळ्या, मागं वळलेल्या, मेणासारख्या जाड. तीन-चार दिवसांत फुलं झडली. कुंडीभोवती सडा पडला, तो आईनं झाडू दिला नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पुन्हा कळ्या आल्या. तेव्हा कुंपणासारखं गोल दिसावं म्हणून मी कात्री चालवली आणि अर्धा बहार गेला. फुलं नव्या शेंड्यांच्या टोकाला येतात, त्यामुळे छाटणी फुलं झडल्यावरच करायची. सतत छाटलेल्या कुंतीच्या कुंपणाला फुलं कमी का दिसतात, हे तेव्हा कळलं. पावसाळ्यात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या दिसतात. हात लावला की डोक्यामागून लाल, दुबेळक्यासारखं शिंग बाहेर काढतात. फुलपाखरांच्या आहेत, मी मारत नाही. झाड मोठं असलं की चार पानं गेलेली भरून येतात.

निदान चार-पाच तास ऊन मिळत असेल तर जरूर लावा. सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही. वाढ सावकाश आहे, माझं सोळा महिन्यांत अडीच फुटांवर आलंय. मात्र शेजारी लिंबू-संत्र्याची बाग असेल तर लावू नका. सिट्रस सिल्ला ही कीड कुंतीवरही वाढते आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग तीच पसरवते.

एप्रिलच्या फुलांची फळं पिकून लाल झाली, तेव्हा गर काढून ताज्या बिया लगेच पेरल्या, कारण वाळल्या की त्यांची उगवण कमी होते. अकरातल्या सहा उगवल्या. एक रोप मामांना द्यायचं मनात होतं, पण बांधावरच्या लिंबांमुळे ते नको म्हणाले. ते रोप आता पन्हाळ्याला बहिणीच्या अंगणात आहे, तिथल्या तांबड्या मातीत, आणि त्याला तिसरी पालवी फुटलीय.